पोपटाचा डीएनए मोजताना

सोमवार, ४ मार्च. युजीन, ऑरेगन.
नामशेष झालेल्या पोपटाचा डीएनए अखेर माझ्या हातात! संग्रहालयाने त्याच्या पायाची नखभर साल दिली, तीही पुन्हा मिळणार नाही असं बजावून. त्यातून जे निघालं ते नळीच्या तळाला, डोळ्यांत तेल घालून पाहिलं तर दिसेल एवढं. शुक्रवारी पुढच्या तपासणीला पाठवायचं, त्याआधी किती आहे ते मोजायचं. बॉस लोरेनला म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

मंगळवार, ५ मार्च.
रंग डीएनएला चिकटून चमकतो, यंत्र ती चमक मोजतं. डाव्या हातचा मळ. नळीतला एक टिपूस घेतला, रंगात मिसळला, आकडा आला. पण एका आकड्यावर विसंबणारा मी नव्हे. दुसरा टिपूस: निम्मा! यंत्र जुनं झालंय. तिसरा: दुप्पट. रंगही जुना.
शेजारच्या टेबलावरची योलांडा म्हणाली, अरे, नळी मुठीत धरू नकोस, ऊब लागली की चमक उतरते. कॉलेजपासून नळ्याच धरतोय, असं तिला सुनावलं. दिसतंच आहे, म्हणाली.

बुधवार, ६ मार्च.
संकल्प: नळी चिमटीत धरायची. रंग अंधारात ठेवायचा. (काल बाटली खिडकीत राहिली. इथे मार्चमध्ये कधी ऊन नसतं, काल नेमकं पडलं. यात माझा काय दोष?)
नव्या रंगाने पुन्हा सुरुवात. दोन आकडे जवळजवळ सारखे. मला जवळजवळ चालत नाही. आणखी मोजले.

गुरुवार, ७ मार्च.
योलांडाने विचारलं, मोजतोयस ते ठीक, पण उरलंय किती? माणसाचं जरा बरं चाललं की लोकांना असे प्रश्न सुचतात.
संध्याकाळी ५.४० ला लागोपाठ तीन आकडे तंतोतंत! डोळ्यांत पाणी आलं. बरिटो खाऊन साजरं केलं. योलांडाला बोलावलं होतं, आली नाही.

शुक्रवार, ८ मार्च.
लोरेनने बर्फाचा डबा पुढे केला. मी आकडा सांगितला. शाबास, म्हणाली, आता नळी ठेव यात. दिली. तिने ती उजेडाला धरली, उलटी केली, टिचकी मारली. काही पडलं नाही.
दर वेळी एकच टिपूस घेत होतो, असं मी सांगितलं. शिवाय आकडा अगदी पक्का आहे.
कशाचा, असं तिने विचारलं.
विचार करून सोमवारी सांगतो म्हटलं.