शेळ्या, अल्पाका आणि पाच बोटं

५ एप्रिल, सकाळी
आले: मुलाचं पत्र (टपालखर्च त्याचा). सफरचंदं एक किलो, ऐंशी. मटार दोन किलो, नव्वद, साली फुकट. शेळ्या-अल्पाका फार्मचं पत्रक (अल्पाका म्हणजे लांब मानेचं, लोकरीचं जनावर म्हणे), तेही फुकट.
मुलगा, सून आणि नात रविवारी येणार. सुट्टीत आठ दिवस नात माझ्याकडे राहणार की तिकडच्या आजीकडे, हे नातीनेच ठरवायचं म्हणे. एवढ्याशा पोरीला मतदानाचा हक्क! असो. तिकडे पोहायचा पूल आहे, पण पूल काही हातातला पाला खात नाही. फार्म दाखवला की मत माझंच.
संकल्प: हात आखडायचा नाही. खोटं बोलायचं नाही.

७ एप्रिल
पत्रक नीट वाचलं. सहा वर्षांखालील मुलांस मोफत. नातीला सहा पूर्ण झाली सोमवारी. चार दिवसांत माणूस कितीसा वाढतो?
चाऱ्याची पुडी वीसला. वीस! मटाराच्या साली फ्रिजमध्ये जपून ठेवल्या आहेत. ह्यांनी विचारलं, आज भाजी दाण्यांची की सालींची? मी जपाची वही पुढे ओढली. जप चालू होता.

९ एप्रिल, संध्याकाळी
सहल एकंदरीत उत्तम.
तिकीटवालीने नातीचं वय विचारलं. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून मी तोंडच उघडलं नाही. नुसता हात वर केला. पाचही बोटं उघडी राहिली, त्याला मी काय करू? आशीर्वाद समजली असती तर काय बिघडलं असतं? नातीने दोन्ही हात वर करून सहा बोटं दाखवली. वर, आजीला मोजता येत नाही, असंही सांगितलं. मॅट्रिकला गणितात मला एकाहत्तर होते! मुलाने तिचं पूर्ण तिकीट काढलं. सून स्वतःची चप्पल न्याहाळत होती.
आत बोर्ड: बाहेरचा चारा आणू नये. साली पर्समध्ये, जपाच्या वहीखाली. शेळ्यांना माझा फारच लवकर लळा लागला. सात-आठ जणी मागोमाग. मुक्या जिवांना भक्ती कळते गं, असं सुनेला सांगतेय तोच एकीने पर्स ओढली. राखणदार म्हणाला, काकू, आत काय आहे? म्हटलं, नामाची वही. वही निघाली. पाठोपाठ साली निघाल्या. सतरा पानं शेळीने खाल्ली. तेवढं पुण्य तिच्या पोटात.
अल्पाकाचा भाव थेट आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखा: मान उंच, नजर खाली. मी नमस्कार केला. तो थुंकला. ह्यांचं म्हणणं, नेम अचूक. माझं म्हणणं, वारा होता.
येताना नात गाडीत माझ्याकडे पाठ करून, सुनेला चिकटून बसली. दमली असणार.

१३ एप्रिल
नातीचा कौल नाही. हल्ली टपालाचं काही खरं नाही. तिच्यासाठी उशी उन्हात टाकली.

१८ एप्रिल
आले: नातीचं कार्ड, एक. चित्रात शेळ्या, अल्पाका आणि मी (चष्म्यावरून ओळखलं). माझा हात वर. खाली सुनेच्या अक्षरात, नातीने सांगितलेलं: आजी, मी मोठी झाले ते तुला आवडलं नाही का? तुला पाच वर्षांची मुलगी हवी आहे. ती मी नाही. म्हणून मी तिकडच्या आजीकडे जाते.
ह्यांनी विचारलं, त्या बोटांनी वाचले किती? हिशेबाची वही काढून पाहिली. तिकीट तर पूर्णच काढलं होतं. काहीच वाचलं नव्हतं.
उशी आत आणली. मग पुन्हा बाहेर टाकली.

१९ एप्रिल
धाडलेल्या पत्राची नक्कल:
चि. नातीस,
तू सहा वर्षांची आहेस. मी खोटं सांगितलं. तोंडाने नाही, बोटांनी, पण खोटंच. फार्मची दोन तिकिटं आणवून ठेवली आहेत, दोन्ही पूर्ण. चारा तिथलाच घेऊ, विकत. तुला मोठं झालेलं पाहायला मला आवडतं. एका हातात तू आता मावत नाहीस, म्हणून आशीर्वाद दोन्ही हातांनी.
सोबत टपालाचं तिकीट लावलेलं कोरं कार्ड आहे. तिकडचे आठ दिवस झाल्यावर इकडे एक तरी दिवस येशील का, ते उलट टपाली कळव.