समारोपातला आजा

३ फेब्रु.
य.चा, म्हणजे नातीचा, नाशिकहून फोन. कॉलेजात इंग्रजी वाङ्मयाचा निबंध आहे, 'ओळख आणि आपलेपणा'. नेमलेल्या कवितेतला माणूस गावाला मुकतो, त्यावर. "आजा, आपल्या सोंगाचं सांग ना." बोहाड्यात, गावच्या मुखवट्यांच्या उत्सवात, वेताळाचं सोंग आपल्याच घराकडे का, मुखवटा कोणी कोरला, नाचायच्या आधी उपास का. तासभर सांगितलं. कान तापला. बरं वाटलं. दुसरं कोण विचारतंय.

६ फेब्रु.
पुन्हा फोन. निबंधाला साचा असतो म्हणे. प्रस्तावना, तीन मुद्दे, दर मुद्द्याला कवितेतली ओळ पुरावा म्हणून, मग समारोप. म्हटलं, घरासारखंच की, आधी मेढीचे खांब, मग कुडाच्या भिंती. हसली. "तूच लिही आजा." आश्रमशाळेत कामाठी होतो, भाकऱ्या थापता थापता पोरांच्या पुस्तकातून इंग्रजी उचललं. क्षणभर वाटलंही, लिहावं.

१९ फेब्रु.
निबंध वर्गात पहिला! मोबाइलवर मागितला. आढेवेढे. "तुला नाय कळणार." म्हटलं, पाठव तं.

२१ फेब्रु.
चार पानं, डिक्शनरी घेऊन दोन दिवस. झकास लिहिते पोरगी. तिसऱ्या मुद्द्यात आमचा वेताळ, त्याचे सुळे, लाल रंग. डोळे भरले.
समारोपात मी मेलो.
दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात. माझ्यामागे मुखवटा उचलणारा कोणी नाही, धूळ खात पडलाय.
तीनदा वाचलं. धूळ! परवाच पुसलाय मी.

२२ फेब्रु.
फोन केला. रडली. सर म्हणाले होते, समारोप कवितेशी जुळव, काहीतरी हरवलेलं दाखव.
"मग मुखवटा हरवायचा. मीच कशाला?"
"मुखवटा हरवला लिहिलं असतं तं तू रागावला असतास."
खरंच रागावलो असतो.

९ मार्च
सरांना निबंध एवढा आवडला की दोघी-तिघी मुलींना घेऊन बोहाडा बघायला येणार. य. हळूच, "आजा, तेव्हा सूर्यमाळला आत्याकडे जाशील?"
"आणि वेताळ?"
"एक वर्ष नाय नाचला तं..."
चाळीस वर्षं अंगावर घेतलं ते सोंग. गुडघे गेले तरी सोडलं नाही. आणि आता मार्कांसाठी

१७ मार्च
सोंगाचे उपास धरले. महादू संबळवाला ओट्यावर. त्याला सगळं सांगितलं, सांगायला नको होतं. "मेल्या माणसाला उपास कसला रे? तुझे आता दिवस घालायचे." पोट धरून हसला. मीही हसलो. तो गेल्यावर हसू कडू झालं. गावात बातमी पोचलीच म्हणायची.

२१ मार्च, तिसरा प्रहर
आज बोहाडा. य. सकाळच्या एस्टीने एकटीच पुढे आली. वाळली आहे. मी घरात दिसलो तशी दारातच थबकली. मग पाया पडली. वर बघितलं नाही.
मुखवट्याच्या कुजक्या दोऱ्या काढून नव्या ओवल्या, न सांगता. "सरांना काय सांगू आजा?"
"निबंध तुझा, समारोप तू बघ. मी नाचणार."
तिने शेवटची गाठ आवळली.
सोंग उतरल्यावर सर घरी चहाला यायचे आहेत. तिने कप मोजून मांडले, सरांचा, मुलींचे, तिचा. मी आणखी एक नेऊन ठेवला. अजून तिने तो उचललेला नाही.