बाटलीत घरचा सॉस

३ एप्रिल, गुरुवार
ह्यांचा नूडल्सचा गाडा मांजरसुंब्याच्या चौकात लागतो. आज जेवताना म्हणले, सॉसच लई महाग पडतोय, न्हाई भागलं तर रामकिसनसंगं चाकणला कंपनीत जातो. रामकिसन म्हणजे चुलत दीर. मागं दोन महिने हे गेलते, तवाच पोरीला तापात झटके आलते. घरात मी अन् सासूबाई. गाडी मिळंना. आता एकटं ऱ्हाणं माझ्यानं व्हणार न्हाई.
ठरवलं. सॉस घरीच करायचा. दुकानातून बाटल्या मीच आणती, तवा ह्यांना कळायचं कारण न्हाई.

५ एप्रिल, शनिवार
लाल सॉस केला. टमाटे, मिरची, गूळ, मीठ. पातळ झाला, म्हणून ज्वारीचं पीठ लावून शिजवला. सेम टू सेम. काळ्या सॉसला गूळ जाळला. व्हिनेगर कशाला पाहिजे, चिंच हाय की.
जुन्या बाटल्यांत भरला. ह्यांना म्हणलं, दुकानदारानं भाव कमी केला. खुश झाले.

८ एप्रिल, मंगळवार
पंक्चरवाले सत्तारभाई रोज गाड्यावर खातेत. आज ह्यांना म्हणले, अनिल, नूडल्सला भाकरीचा वास येतोय बे, घरचा डबा सांडला काय त्यात. हे हसत सांगत होते.
सत्तारभाईंची दाढ दुखतीय. त्यांच्या तोंडाला चवच न्हाई.

१० एप्रिल, गुरुवार
गिऱ्हाईक कमी. उन्हामुळं.
सासूबाईंनी बाटलीतलं बोटावर घेऊन चाटलं. म्हणल्या, अगं ही तर आंबील झालीय, लसूण न्हाई घातला व्हय. त्यांना नूडल्समधलं काय कळतंय. म्हणलं, ह्यांच्याजवळ बोलू नका.
बाटलीत बुडबुडे दिसतेत. दिसू दे. कोल्ड्रिंकमधी बी असतेत.

१४ एप्रिल, सोमवार, सकाळी ६
आज जयंती. मिरवणुकीला सगळा गाव चौकात. आज एवढं खपंल की चाकणचं नाव निघायचं न्हाई. आठ बाटल्या भरल्या. टोपणं गच्च आवळली, सांडायला नको.

१४ एप्रिल, संध्याकाळ
बाटल्या दिवसभर उन्हात होत्या. मिरवणुकीतल्या छबुबाईंनी प्लेट मागितली. ह्यांनी टोपण फिरवलं अन् सगळा लाल फवारा छबुबाईंच्या अंगावर. जयंतीची पांढरी साडी, नवी कोरी.
छबुबाई म्हणल्या, अनिल, हे काय मुरवलंस रे बाबा, सॉस का दारू. सगळी हसली. नंतर एकानं बी प्लेट घेतली न्हाई.
सावलीत ठेवल्या असत्या तर काय झालं नसतं.

१५ एप्रिल, मंगळवार
ह्यांनी बाटली हुंगली. म्हणले, हा घरचाच हाय, कावून केलं असं. खरं सांगितलं. तुमी जाऊ नये म्हणून.
बाटली खाली ठेवली. मग म्हणले, अगं सहा तारखेलाच मी रामकिसनला न्हाई म्हणलो व्हतो. दुकानदारानं भाव कमी केलाय, आता इथंच भागतंय म्हणून सांगितलं व्हतं.
मी म्हणलं, मग ऱ्हावा की.
म्हणले, आता गाड्यावर येतंय कोण.

१७ एप्रिल, गुरुवार
गेले. पोरगी हात करत व्हती. तिला वाटलं, गाड्यावर चाललेत.
सत्तारभाईंनी दाराच्या आतल्या बाजूला खडूनं त्यांचा नंबर लिहून दिला. वहिनी, पोरीला काय बी झालं तर लावा, येळ बघू नका. मी तो तीनदा वहीत उतरून घेतला. दोन येळा चुकला.

२० एप्रिल, रविवार
ह्यांचा फोन आला. खोली बरी हाय. कंपनीच्या कॅन्टीनमधी सामोसा देतेत, संगं सॉस बी. लागंल तेवढा घ्या म्हणतेत, पैसे न्हाईत.
मी विचारलं, घट्ट हाय का.
म्हणले, हाय घट्ट.