मशीनला सांगितलेलं

मामा, काल तुमची झाड कापायची मशीन चालू होत नव्हती. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. सुनेनं सासऱ्याला असं पत्रबित्र लिहायचं असतं का, ते मला ठाऊक नाही. पण काल जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगणार? तुमच्या लेकाला सांगितलं तर हे फोनवर "बरं झालं" म्हणतील आणि ट्रक पुढं काढतील.

काल सकाळी वारं असं सुटलं की गोठ्यालगतची बाभळ मुळासकट उलथली आणि गोठ्याच्या तोंडावर आडवी पडली. पत्रे वाकले, दार बुजलं. आत गाय, दिवस भरलेली, आणि तिच्या हंबरण्यावरून कळतच होतं की आजच वेळ येणार. बांधाशेजारचे भाऊ धावत आले. म्हणाले, "वहिनी, जेसीबी बोलवा. दोन मिनटात वढून काढंल." मी म्हटलं, "भाऊ, बुंधा पत्र्याखालच्या मेढीच्या खांबावर टेकलाय. वढला तर मेढ पडंल, अन् पत्रे गायीच्या अंगावर येतील. हे कापूनच काढावं लागंल." बोलून तर गेले, आणि घरात जाऊन फळीवरची तुमची मशीन खाली काढली. दोन वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता.

तुम्ही शिकवलेलं सगळं क्रमानं केलं. जुनं पेट्रोल ओतून टाकलं, येरमाळ्याहून आणून ठेवलेलं ऑईल मोजून ताज्या पेट्रोलमध्ये मिसळलं. फिल्टर झटकला, स्विच बघितला, चोक ओढला, आणि पायाखाली मशीन दाबून दोरीला हिसका दिला. नाही. पुन्हा नाही. तोवर निम्मी गल्ली गोळा झालेली. कुणी म्हणतंय प्लग गेला, कुणी म्हणतंय मशीनच भंगारात घाला. ज्यांनी जन्मात कधी दोरी ओढली नाही त्यांना अशा वेळी फार सुचतं. मी चिडून ओढत राहिले. वीस वेळा, तीस वेळा. खांदा भरून आला, पेट्रोलचा वास सुटला आणि आत गाय जोरानं हंबरली.

तुम्ही मला ही मशीन कशी शिकवलीत, ते आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. तुमचा उजवा खांदा कामातून गेला, हे ट्रकवर, आणि गावोगावची वाळली झाडं कापायची कामं तर तुम्ही घेतलेली. दोरी ओढायला घरात मीच उरले. पण आपल्या घरात सून सासऱ्याशी बोलत नव्हती, समोर बसत नव्हती आणि सासराही सुनेचं नाव घेऊन काही सांगत नव्हता. मग तुम्ही तोड काढलीत. तुम्ही मशीनशी बोलायला लागलात. पाठ माझ्याकडं, तोंड मशीनकडं. "तुला आधी चोक लागतो. एकदा का तू खोकलीस, की चोक काढायचा. न्हाय काढला तर तू पेट्रोल पिऊन बसतीस." मी पदर सावरून मागं उभी राहून ऐकायची. एकदा मी ऑईल न घालता नुसतंच पेट्रोल भरलं, तेव्हा तुम्ही वास घेतलात आणि मशीनला म्हणालात, "ही तुझ्या जिवावर उठलीया बघ." मला इतकं लागलं की रात्री जेवले नाही. सकाळी तुम्ही मशीनला सांगितलंत, "आपलं बोलणं कुणी मनावर घ्यायचं न्हाय."

आणि कामाच्या मधे, ऊन चढलं की, तुम्ही सावलीत पोतं अंथरायचात आणि म्हणायचात, "दमलीस. लई वढलं आज. बस आता घडीभर." मी लगेच मशीन उचलून त्या पोत्यावर नीट ठेवायची, आणि स्वतः बाजूला उन्हात उभी राहायची. दर वेळी. एक दिवस तुम्ही दोन पोती अंथरलीत. मी एकावर मशीन ठेवली आणि दुसऱ्यावर पेट्रोलचा डबा. तुम्ही खाली मान घालून हसलात. मला वाटलं, डबा तिरका ठेवला की काय, म्हणून मी तो सरळ केला.

काल तिसाव्या हिसक्यानंतर मशीन खाली ठेवली आणि सवयीनं माझ्याच तोंडून निघालं, "दमलीस गं. बस घडीभर." म्हटलं आणि तिथंच थबकले. लोखंड कुठं दमतं, मामा? एवढी वर्षं ते पोतं माझ्यासाठी होतं. एवढ्या लोकांपुढं माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं गायीसाठी.

मग मी बसले. बाभळीच्या बुंध्याला पाठ लावून, भर गल्लीसमोर, मांडी घालून बसले. श्वास खाली आला तसं डोकं चाललं. गोंगाटात मशीन खोकलेली मला ऐकूच आली नव्हती, चोक तसाच राहिला होता आणि ती पेट्रोल पिऊन बसली होती. प्लग काढला, तर ओलाकच्च. पदरानं पुसून उन्हात ठेवला, मशीन उलटी धरून चार-पाच वेळा दोरी ओढली, आतलं पेट्रोल फुर्रकन बाहेर आलं. भाऊ म्हणाले, "वहिनी, घाई करा." मी म्हटलं, "भाऊ, घाईनंच तर हे झालंय." प्लग बसवला, चोक काढला, रेसचा खटका दाबून धरला आणि ओढलं. तिसऱ्या हिसक्याला ती सुरू झाली. आधी वरच्या फांद्या उतरवल्या, मग मेढीला टेकू लावून बुंधा तुकड्या-तुकड्यानं सोडवला. गाय बाहेर आली ती सरळ हौदाकडं गेली. संध्याकाळी व्याली. कालवड आहे, कपाळावर पांढरा टिळा.

या पत्रासाठी पाकीट आणलेलं नाही, आणणारही नाही. फक्त एक गोष्ट राहते. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा शाळेसमोरच्या कडुलिंबाची वाळली फांदी कापायचं काम अंगावर होतं. पोरांच्या डोक्यावर पडेल म्हणून तुमचा जीव त्यातच अडकलेला. मी एकटी मशीन घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी हे चहा आणायला खाली गेले आणि तुम्ही डोळे उघडलेत. मशीन जवळ नव्हती, म्हणून की काय, उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोललात. "चालू झाली का गं पोरी?"

मी "हो" अशी मान हलवली. तुम्ही "मग झालं" म्हणून डोळे मिटलेत. चालू झाली नव्हती, मामा. फांदी दुसऱ्याच माणसानं कुऱ्हाडीनं पाडली होती. तेवढं एकदाच तुमच्याशी खोटं बोलले, आणि तेसुद्धा तोंड न उघडता.