एकूण पेट्या किती?

बुधवार पेठ, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

चि. मिसबास फुफीच्या मनापासून दुआ. वि. वि.

फोन केला की आमची सूनबाई अफशीन भाजी निवडायची सोडून कान देते, म्हणून टपालाने लिहितेय. हसू नकोस. तू मोबाइलवरच्या गेमचं काम करतेस, म्हणून भावाच्या लेकीलाच विचारते. 'मोरबाग' नावाचा गेम मी खेळते. त्यात पैसे देऊन हिरे घ्यायचे आणि हिऱ्यांनी पेटी उघडायची. एखाद्या पेटीत सोन्याचा मोर असतो, बाकीच्यांत खत नि कुंड्या. मोर आला की बाग कधी सुकत नाही. एकशे बारा पेट्या उघडल्या बाई! खताचं दुकान टाकता येईल, पण मोर काही नाही.

आता एवढंच सांग, एकूण पेट्या असतात किती? तीस वर्षं मी भिशी चालवतेय. बारा बायका, बारा चिठ्ठ्या. निघालेली चिठ्ठी बाजूला पडते, त्यामुळे शेवटी राहिलेलीचा नंबर ठरलेलाच. म्हणजे माझाही आता जवळ आला असणार, नाही का? उमराहला जायला साठवलेल्या साठ हजारांतले बावीस गेलेत. जुनेदला अजून सांगितलेलं नाही. स्वतःच्या मुलापासून लपवायची मला सवय नाही गं. आणि हा जुगार नव्हे हं. जुगारात निदान पैसे परत तरी मिळतात.

उत्तर पाकिटात घाल, कार्डावर नको. आठवण असू दे.

तुझी फुफी,
नसीमबानू

हडपसर
८ फेब्रुवारी

प्रिय फुफी, सलाम.

तुझं पत्र जिन्यात वाचलं आणि तिथंच बसले. फुफी, मोरबाग आमच्याच कंपनीचा गेम आहे. पेट्या संपतच नाहीत. निघालेली चिठ्ठी आम्ही दर वेळी पुन्हा डब्यात टाकतो. तू एक उघड नाहीतर हजार, तुझा नंबर जवळ येत नाही. आणि पेटी उघडताना फिरणारं चक्र मोरापाशी रेंगाळून पुढे सरकतं, तुला वाटतं थोडक्यात हुकलं, ते रेंगाळणं मीच बसवलंय. त्याचं मला बक्षीस मिळालं. ईदला पाठवलेली शाल त्याच पैशांची.

आमच्या दत्तप्रसाद सरांना विचारलं. ते म्हणाले, लोक सिनेमालाही पैसे देतात आणि रिकाम्या हाताने घरी जातात. फसवणूक म्हणावी तर नियम बारीक अक्षरांत का होईना, लिहिलेत. न म्हणावी तर तुझ्यासमोर यायची लाज का वाटते? काही कळेनासं झालंय. तू मात्र आता एक रुपयाही घालू नकोस, माझी शपथ आहे.

रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी मिसबा

बुधवार पेठ
१३ फेब्रुवारी

चि. मिसबास दुआ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. चिठ्ठी परत डब्यात? आमच्या भिशीत कुणी असं केलं असतं तर बायकांनी तिला जिन्यावरून खाली पोचवलं असतं! पण तू तर लबाड नाहीस. वाण्याने चुकून पाच रुपये जास्त दिले, तर रडत परत द्यायला धावलेली पोर तू. माझं डोकंच चालेना. चार दिवस नमाजातही लक्ष नव्हतं.

मग एक गोष्ट उमगली आणि जीव भांड्यात पडला. इतके दिवस धाकधूक होती, पलीकडे कोण बसलंय कुणास ठाऊक. आता कळलं, आपलीच मिसबा आहे. शपथ तू ऑफिसच्या धाकाने घातली असणार, तेवढं मला समजतं.

राहिलेले अडतीस हजार आज सकाळी घातले. मोर कधी सोडतेस ते कळव. तुझ्या सोयीने सोड, घाई नाही. तब्येत सांभाळ, फुफीवर लोभ आहेच.

तुझीच,
नसीमबानू