वखारीमागची भिंत

४ फेब्रुवारी

कळलं शेवटी, ही भिंत पाडायची योजना कुणाच्या डोक्यातून निघाली ते. नदी खात्याची नवी अभियंता — तीच! माझ्या नवऱ्याची बायको.

लिहिल्यावर माझं मलाच हसू आलं. पण खोटं काय त्यात? नवरा माजी, बायको हल्लीची. एका शहरात इतकी वर्षं काढली आणि आम्ही कधी समोरासमोर आलो नाही. ती नदीपलीकडे, मी अलीकडे. आता सरकारनेच गाठ घालून दिली.

नगरपालिकेबाहेर नकाशा लावलाय. नदी निळी. माझी लाकडाची वखार हिरवी. म्हणजे वखार नाहीच — तिथे कुरण! पूर आला की पाण्याने पसरायचं कुरण. वडिलांनी उभी केलेली शेड, करवत, ओंडके, फळ्यांच्या थप्प्या — सगळ्यावरून हिरवा हात फिरवलाय बयेने.

नवरा नेला तेव्हा काही बोलले नाही. तो नेण्यासारखाच होता. वखार नेऊन दाखव म्हणावं.

९ फेब्रुवारी

सभा झाली. समोर नदीवाली — यापुढे मी तिला हेच म्हणणार. उंच, सडपातळ, पायात चिखलाचे बूट. सभागृहात कोण चिखलाचे बूट घालून येतं? मुद्दाम घातले असणार, आपण किती काम करतो ते दाखवायला.

म्हणे, दोन्हीकडच्या भिंतींनी नदीचं गटार करून टाकलंय. पाणी चढलं की त्याला पसरायला जागा नाही, म्हणून ते उधळतं. भिंत मागे सरकवा, नदीला तिची जुनी वळणं परत द्या, पाणी हळू होईल, जमिनीत मुरेल. मासे येतील, पक्षी येतील. पलीकडे वरच्या अंगाला अर्धं काम गेल्या वर्षी झालंच आहे, आता उरलेलं अर्धं अलीकडे, माझ्या वखारीपाशी.

मी उठून विचारलं, मासे माझ्या शेडचं काय करणार आहेत? लोक हसले. तीही हसली. तेच डोक्यात गेलं. वर म्हणते कशी — "ताई, तुमची अडचण मला कळते."

ताई!

मागच्या रांगेत गोगलगाय बसलेली, मांडीवर तिची पर्स घेऊन. पूर्वी माझी धरायचा. मी पाहिल्यावर त्याने मान आत घेतली. हे नाव मी त्याला लग्नानंतर पहिल्याच वर्षी ठेवलं होतं. अजून शोभतंय.

१० फेब्रुवारी

बेकरीवाला सकाळीच आला. खालच्या गल्लीत, जिथे भिंत संपते तिथे त्याची बेकरी. मागच्या खोलीत घर. म्हणाला, मावशी, तुम्ही पुढे व्हा, सह्या मी गोळा करतो. त्याच्या आईने माझ्यासाठी पिशवीत गरम पाव धाडले होते. म्हातारी दुकानाच्या खिडकीत बसून असते दिवसभर, जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकते. मला नेहमी एक पाव जास्त टाकते आणि मुलाला सांगत नाही.

भिंत बचाव समिती झाली. अध्यक्ष मी.

२ मार्च

नदीवालीच्या माणसांनी भिंतीखालच्या पट्ट्यात वाळुंजाच्या काड्या रोवल्या. मुळं धरली की काठ धरून ठेवतात म्हणे. संध्याकाळी खाली उतरले आणि एकेक उपटून नदीत फेकली. छान झोप लागली.

३ मार्च

पुन्हा लावल्या. पुन्हा उपटल्या.

११ मार्च

आज उपटताना मागे कोणीतरी उभं. नदीवाली! एकटी. मला वाटलं आता पोलिसात देते. तर ती खाली वाकून, मी टाकलेली एक काडी उचलून म्हणाली, ही उलटी फेकलीत तरी रुजते. आणि पुन्हा खोचून निघून गेली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१९ एप्रिल

पलीकडच्या त्यांच्या कुरणात बेडूक झालेत. रात्रभर सभा चालते त्यांची. आणि एक खंड्या माझ्या ओंडक्यांवर येऊन बसतो, निळा, ऐटबाज. सारखा घाण करतो. हाकलला तर परत येतो. पक्षीसुद्धा तिच्या वळणावर गेलाय.

६ मे

ती आज वखारीत आली. कामाच्या वेळी, करवत चालू असताना. बंद करायला लावली. फळीवर नकाशा पसरला आणि बोट ठेवून दाखवलं.

वरच्या कुरणात पाणी थोडं पसरेल, पण नंतर तुमच्या भिंतीपाशी नदी पुन्हा चिमटीत सापडते. मोठं पाणी आलं तर तुमच्याकडे नाही येणार. भिंत संपते तिथे बाहेर पडेल. खालच्या गल्लीत.

मी म्हटलं, झालं तुझं? मग नीघ.

ती थांबली. म्हणाली, "वखार हलवायला जागा मी बघते. तुम्हाला मनासारखी मिळेपर्यंत मी भिंतीला हात लावणार नाही. माझ्यावरचा राग बाजूला ठेवून एकदा बघा."

माझ्यावरचा राग! म्हणजे हिला वाटतं मी अजून त्या गोगलगायीसाठी रडतेय. इतकं गर्विष्ठ माणूस मी पाहिलं नाही. मी करवत सुरू केली. तिचे ओठ हलत होते, ऐकू काही आलं नाही.

संध्याकाळी बेकरीवाल्याने विचारलं, बाई कशाला आल्या होत्या? म्हटलं, तेच जुनं तुणतुणं.

२८ मे

जिंकलो!! नगरपालिकेने अलीकडचं काम रद्द केलं. भिंत राहणार. माझं भाषण झाल्यावर टाळ्या थांबेनात. नदीवालीने कागद गोळा केले आणि गेली. दारात गोगलगाय मला म्हणाला, तू फार वाईट केलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून पूर्ण वाक्य ऐकलं. तेही तिच्यासाठी.

बेकरीवाल्याने सगळ्या समितीला केक खायला घातला. म्हातारी खिडकीतून ओरडली, माझा तुकडा कुठंय?

१२ ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. नदी भिंतीच्या निम्म्यावर. रंग चहासारखा.

१३ ऑगस्ट

नदी भिंतीला घासून चाललीय. शेडच्या छपरावरून पाहिलं. पलीकडे वरच्या अंगाला तिचं कुरण पाण्याने भरलंय, पण ते पाणी नुसतं पसरून पडलंय. वाळुंजाचे शेंडे त्यात उभे. माझ्या भिंतीपाशी मात्र नदी गुरगुरतेय. जमीन थरथरते, हात फळीवर ठेवला की कळतं.

भिंत धरून आहे. वडील असते तर त्यांनी मिशीला पीळ दिला असता.

१४ ऑगस्ट

वखारीत थेंब नाही.

पाणी दुपारी भिंतीच्या टोकाला फुटून बाहेर पडलं. खालची गल्ली सगळी गेली. बेकरीत छताला टेकलं. बेकरीवाला बायकोला आणि मुलांना वर चढवून आईला आणायला मागच्या खोलीत गेला, तर दार उघडेना. आतून पाण्याचा जोर. तो आणि शेजारचा न्हावी दाराला धडका देत राहिले.

म्हातारी गेली.

१५ ऑगस्ट

लिहवत नाही.

१७ ऑगस्ट

अंत्यविधीला गेले. कुठे उभं राहावं कळेना. समितीतले सगळे होते. बेकरीवाला माझ्याकडे आला. त्याने माझा हात धरला आणि विचारलं,

"मावशी, तुमच्याकडे पाणी नव्हतं ना आलं?"

नाही म्हटलं.

"बरं झालं," म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटून बोलले असते, मला ते येतं. खरंच बरं वाटलं होतं त्याला.

२५ ऑगस्ट

समितीची बैठक, माझ्याच शेडमध्ये. सगळे नदीवालीवर तुटून पडलेत. तिने पलीकडची भिंत फोडली म्हणून पूर आला म्हणे! शिंपी म्हणाला, तिच्या बेडकांनी पाणी बोलावलं. कोणी हसलं नाही, त्याला ते खरंच वाटतंय. चौकशी लागणार. पहिली साक्ष माझी. बाहेर तिच्या गाडीची काच फोडली कोणीतरी.

बैठक संपल्यावर शेड झाडली. झाडून झाल्यावर पुन्हा झाडली.

९ सप्टेंबर

चौकशी. सभागृह भरलेलं. तिने तेच सांगितलं जे मला वखारीत सांगितलं होतं. अर्धंच काम झालं, चिमटी तशीच राहिली, पाणी तिथून फेकलं गेलं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की शेवटचं कोणाला ऐकूच आलं नाही. मला आलं, कारण मला पाठ होतं.

मग माझं नाव पुकारलं. उठले. ती माझ्याकडे पाहत होती. विनवणी वगैरे काही नव्हती चेहऱ्यावर. दमलेली होती, बस. बूट स्वच्छ होते आज.

मी म्हटलं, माझा घसा बसलाय, बोलता येत नाही. आणि खाली बसले.

शेपूट घालणं म्हणतात ते हेच. गोगलगाय मी त्याला म्हणत होते!

१६ सप्टेंबर

तिला नदीच्या कामावरून काढलं. कुठल्याशा गोदामाच्या कामावर टाकलंय म्हणे. समितीत पेढे वाटल्यासारखा आनंद. मला हवं ते सगळं झालं. नवरा नेणारीच्या हातून नदी गेली, वखार राहिली, भिंत राहिली. यादी करायला बसले तर पुढे काही सुचेना.

२ ऑक्टोबर

नवा साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. खालच्या गल्लीत उभं राहून त्याने सांगितलं, भिंत आणखी उंच करू आणि गल्लीच्या पुढपर्यंत नेऊ. पलीकडचं ते कुरणही बुजवू, तिथे गाड्या लावायला जागा होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाला, या बाईंसारखे जागरूक नागरिक हवेत.

मी वळून बेकरीवाल्याकडे पाहिलं. तो दुकानातला गाळ फावड्याने काढत होता. टाळ्या नव्हत्या त्याच्या.

३ ऑक्टोबर

बेकरीत गेले. भट्टी उघडी पडलीय, विटा एका बाजूला रचलेल्या. खिडकी तशीच, पण बसायची जागा रिकामी. मी दुसरं फावडं घेतलं. बराच वेळ आम्ही नुसता गाळ ओढला.

मग सांगून टाकलं. ती वखारीत येऊन काय म्हणाली होती ते. तुझी गल्ली बुडेल असं तिने बोट ठेवून दाखवलं होतं आणि मी तुला तुणतुणं म्हणून सांगितलं.

त्याने फावडं थांबवलं नाही.

"माझ्याकडेही आल्या होत्या त्या," म्हणाला. "त्याच दिवशी. नकाशा दाखवला. आईलासुद्धा समजावलं."

म्हटलं, मग तू का नाही बोललास?

"तुमचा आयुष्यभराचा शेजार. त्या बाई परक्या. तुम्ही भिंत म्हणालात, म्हणून मीही भिंत म्हटलं."

मग गाळाकडेच बघत — "आता हे भिंत पुढे नेणार. मग पाणी कुणाच्या गल्लीत जाईल, मावशी?"

याचं उत्तर कुणाकडे आहे ते मला माहीत आहे. तेच तर चिडायला होतंय.

७ ऑक्टोबर

चार वेळा कपडे बदलले. शेवटी वखारीतलेच घातले.

८ ऑक्टोबर

पूल ओलांडून गेले. बेल वाजवली. दार गोगलगायीने उघडलं आणि मला पाहून पांढराफटक पडला. म्हटलं, घाबरू नकोस, तुझ्याकडे नाही आले. तिला बोलाव. नव्या साहेबाला भिंत बांधू द्यायची नाहीये.