जांभळे पाणी

भवानी पेठ, बुधवार, ता. १७ एप्रिल १९७४

आज आमच्या विहिरीचे पाणी जांभळे निघाले; कारखान्याच्या नाल्यातला रंग झिरपला असणार. जन्मभर चादरींचे सूत रंगवले, म्हणून कारखान्यात जाऊन मालकांना सांगितले, पट्टे पिवळे, नारिंगी, तांबडे ठेवा. फिक्याकडून गडदाकडे गेले की एकाच पाण्यात तिन्ही रंग होतात. रंग वाचतो, नाल्यात घाण कमी जाते.

मालक हसले. "मामा, गिऱ्हाइकाला जांभळं-हिरवंच लागतंय की. तुमी आता घरी बसा."

मला नीट सांगता आले नाही का? ते जांभळे पाणी डोळ्यांपुढून जात नाही. तीस वर्षे मीच ते नाल्यात ओतले. तेव्हा का नाही सुचले?

सून उद्यापासून लांबच्या नळावर जाणार. आत्ता घागर घासत बसली आहे.